नुसती खाज

रोज दोन हजार बाटल्या मी डोळ्यांसमोर धरते. धरत होते, असं म्हणायला हवं, पण जिभेची सवय अजून गेलेली नाही. इंजेक्शनच्या बाटल्या त्या, अंगठ्याएवढ्या, वर रबरी बूच आणि त्यावर पत्र्याची टोपी. समोर एक फळा असतो, अर्धा पांढरा, अर्धा काळा, आणि वर दिवा. बाटली हळूच गोल फिरवायची, उलटी करायची, पाच सेकंद पांढऱ्यासमोर, पाच सेकंद काळ्यासमोर. काळा कण पांढऱ्यावर दिसतो, काच आणि धागा काळ्यावर. दिसला तर बाटली लाल खोक्यात, नाही तर पुढे. एवढंच काम. एवढंच म्हणणाऱ्यांनी एकदा अर्धा तास बसून दाखवावं.

आम्ही जाग्या आहोत की झोपा काढतोय हे बघायला वरचे लोक मधूनमधून मुद्दाम बिघडवलेल्या बाटल्या सरकवतात. बावीस वर्षांत त्यातली एकही माझ्या हातून निसटली नव्हती. म्हणून कंपनीत मला घार म्हणतात. सुपरवायझरबाईसुद्धा घारच म्हणते. घरी ह्या नावाचं कोणाला कौतुक नव्हतं. नवरा म्हणायचा, "कसली घार? समोरची किल्ली सापडत नाही तुला."

नवऱ्याला समोर मी अहो-जाहो करते. इथं करणार नाही. का ते पुढे कळेलच.

तो कोटाच्या कापडांच्या दुकानात माप घेतो. गळ्यात टेप, कानावर खडू, तोंडात साखर. छप्पन्न वर्षांचा आहे आणि केस असे काळे की कावळ्यानं लाजावं. दर पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, न्हाणीघराचं दार आतून बंद करून तो रंग लावायचा. लग्नाआधीपासून त्याला केसांचं वेड आहे. मी हसायचे, तो चिडायचा. माझे केस चाळिशीतच पिकले आणि मी ते तसेच ठेवले. एका घरात दोन आरसेवेडे परवडत नाहीत.

आणि रोज संध्याकाळी मी त्याचं डोकं चेपायचे. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याला मोठा ताप आला होता, तेव्हा सुरू झालं ते सव्वीस वर्षं चाललं. मी पलंगावर भिंतीला टेकून बसायचे, तो मांडीवर डोकं टाकायचा. दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून दमलेला माणूस त्या वीस मिनिटांत जरा खरं बोलायचा. कोण गिऱ्हाईक चिकट, कोणाचं पोट सुटलं, कशाची भीती वाटते. मला ती वीस मिनिटं फार आवडायची. हे लिहिताना राग येतोय, पण खोटं कशाला सांगू?

पन्नाशीला सहा-सात महिने राहिले होते तेव्हा पापण्या बिनसल्या. आधी नुसती कोरड. सकाळी उठलं की डोळ्यांभोवतीची कातडी ताणून शिवल्यासारखी वाटायची. मग पापुद्रे सुटायला लागले, कडा लाल झाल्या, हसलं तरी चरचरायला लागलं. आणि खाज. भाजल्यासारखी, आतून येणारी. आरशात बघितलं की रात्रभर रडलेली बाई दिसायची, आणि तेव्हा मला रडायचं काही कारण नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत बायकांना विषय मिळाला. पाळी जायची वेळ आली की कातडी सुकतेच, असं सगळ्यांचं मत पडलं. एकीनं काकडी सांगितली, दुसरीनं दुधाची साय, तिसरीनं कोरफड, चौथीनं फ्रिजमध्ये ठेवलेले चमचे. मी सगळं केलं. सायीनं डोळे चिकटले, कोरफडीनं आग झाली, चमच्यांनी दहा मिनिटं बरं वाटलं. एका मैत्रिणीनं तिच्या सुनेचं महागाचं मलम दिलं, त्याच्या वासानंच दोन्ही डोळे बेडकासारखे सुजले. नवऱ्यानं बघितलं आणि म्हणाला, "वय झालं आपलं, दुसरं काय."

आपलं म्हणाला. त्याच्या भांगात एक पांढरा केस नव्हता.

मग एका सोमवारी सुपरवायझरबाईनं बोलावलं. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण डोक्यानं थंड आणि मनानं वाईट नाही.

"घार, मजल्यावर कातडीचा आजार चालत नाही. पापुद्रे गळतात."

"बाटल्या बंद असतात बाई. आत कुठून जाणार?"

"नियमाला बंद-उघडं कळत नाही. आणि मलम लावून आत यायचं नाही, हेही तुला माहीत आहे." मग तिनं समोरची वही उघडली. "गेल्या आठवड्यात तुझ्याकडून दोन बाटल्या सुटल्या. मुद्दामच्या."

मला वाटलं ती दुसऱ्या कोणाबद्दल बोलतेय.

"डोळे चोळतेस, पाणी येतं, कण दिसत नाही," ती म्हणाली. "आठ आठवड्यांनी सहामाही तपासणी आहे. पापण्या साफ पाहिजेत आणि बाटल्या सगळ्या पकडल्या पाहिजेत. नाहीतर मला तुला पॅकिंगला पाठवावं लागेल."

पॅकिंगला गेलेल्यानं वर्षभर तपासणीच्या टेबलावर यायचं नाही, असा नियम. आणि पन्नाशीनंतर नव्यानं कोणाला टेबल देत नाहीत, हा दुसरा नियम. बसलेलीला उठवत नाहीत, पण उठलेलीला परत बसवत नाहीत. म्हणजे एकदा उठले की कायमची उठले. हे तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दोघींना पाठ होतं.

मग मात्र मी कातडीच्या डॉक्टरकडे गेले. नवरा बरोबर आला, माझी पिशवी धरून. डॉक्टर तरुण मुलगी होती, हात थंड आणि बोलणं मोजकं. तिनं पाठीवर पट्ट्या चिकटवल्या, त्यात तीस चौकोन, प्रत्येकात वेगळ्या पदार्थाचा ठिपका. दोन दिवस अंघोळ नाही, घाम नाही, वाकणं नाही. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या, आणखी दोन दिवसांनी परत बोलावलं. एकोणतीस चौकोन कोरे आणि एकाच्या जागी लाल पुरळ, फोडांसकट.

"केसांच्या काळ्या रंगात हा पदार्थ असतो," ती म्हणाली आणि माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून गोंधळली. "तुम्ही तर लावत नाही."

मग आम्ही दोघींनी एकाच वेळी नवऱ्याच्या डोक्याकडे बघितलं. त्यानं भांगावरून हात फिरवला, जणू तिथं काही बसलंय.

डोकं चेपण्याचं सांगताना मला लाज वाटली, ह्या वयात. ती हसली नाही. म्हणाली, "हाताची कातडी जाड असते, तिला कळतही नाही. पापणीची अंगात सगळ्यात पातळ. तुमचा हात दिवसातून कितीदा डोळ्याला लागतो, मोजून बघा. वय वाढलं की तिथलं तेलही कमी होतं, मग ती जास्तच चिडते."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी काकड्या कापत बसले होते.

डॉक्टरनं बजावून सांगितलं. तोंडाला साबण नाही. कोमट पाणी, तेही शिंपडायचं. टॉवेलनं पुसायचं नाही, टिपायचं. खाज आली तर गार ओलं फडकं ठेवायचं, बोट लावायचं नाही. घरी असताना बिनवासाचं साधं मलम, तांदळाच्या दाण्याएवढं, करंगळीशेजारच्या बोटानं, कारण त्या बोटात जोर कमी असतो. "पण ह्या सगळ्यानं नुसता आराम पडेल. रंग घरातून गेला तर चार-पाच आठवड्यांत पापण्या पहिल्यासारख्या होतील. घाबरू नका, जिवाला धोका वगैरे काही नाही."

ह्या शेवटच्या वाक्याला नवऱ्यानं दोनदा मान हलवली.

घराचा जिना चढताना तो म्हणाला, "दुकानात पांढरे केस चालत नाहीत."

"कोण म्हणालं?"

"धाकट्या मालकानं स्पष्ट सांगितलंय. म्हातारी माणसं समोर नकोत म्हणून. मागच्या गोदामात बसवेल मला, कापडाचे तागे मोजत."

आता सांगा, ह्यावर बायको काय बोलणार? माझं टेबल वाचवायला त्याला गोदामात घालू? मलाच पळवाट सुचली. डॉक्टर म्हणाली होती की झाडपाल्याच्या काही पावडरी असतात, नीट बघून घेतल्या तर त्यात तो पदार्थ नसतो. रंग जरा तांबूस येतो इतकंच. नवरा म्हणाला, बघतो. तीन दिवसांनी त्यानं एक बरणी आणली, निम्मी भरलेली, काळपट पावडर.

"एका गिऱ्हाइकाच्या ओळखीनं मिळाली. निव्वळ झाडपाला."

मी झाकण उघडलं, वास घेतला, झाकण लावलं. म्हणाले, "तरी तपासणी होईपर्यंत डोकं चेपायचं राहू द्या. सहाच आठवडे."

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे आता माझ्या डोक्याला हात लावायचीही किळस येते तुला?"

किळस हा शब्द त्यानं वापरला. मी त्याच संध्याकाळी त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

ते सहा आठवडे मी स्वतःच्या पापण्यांना तान्ह्या बाळासारखं जपलं. उशीचे अभ्रे दोन दिवसांनी उकळत्या पाण्यात. कांदा चिरायचा नाही, उन्हात जायचं नाही. कंपनीतून आले की आधी ओलं फडकं, मग पाच मिनिटं तशीच पडून, मग ओलसर असतानाच तो तांदळाचा दाणा. कातडी मलम अशी पिऊन टाकायची की बघत राहावं. खाज आली की मांडीखाली हात दाबून बसायचे. पहिल्या आठवड्यात फरक पडला. पापुद्रे कमी झाले, एक दिवस तर मी जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं हसले आणि काही चरचरलं नाही. मग एका सोमवारी सगळं परत उसळलं. जरा बसलं, आणि आणखी दोन आठवड्यांनी पुन्हा सोमवारीच.

मी मूर्ख नाही. पंधरा दिवसांनी येणारा रविवार मलाही माहीत होता. पण नवऱ्यानं आणलेल्या बरणीवर संशय घ्यायचा म्हणजे काय, हे ज्यांना नवरा आहे त्यांना कळेल. मी डोळ्यावर कातडं ओढून घेतलं, ते कातडं सोलवटलेलं असूनसुद्धा. चौथ्या आठवड्यात डॉक्टरनं विचारलं, "घरातला रंग नक्की बंद आहे ना?"

"नक्की," मी म्हणाले. "आमचे हे असं कधी करणार नाहीत."

जरा तोऱ्यातच म्हणाले. ते आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

तपासणीच्या आधीचा रविवार नेमका त्याचा होता. तपासणीच्या सकाळी उठले तेव्हा उजवा डोळा अर्धाच उघडत होता. गार पाणी, फडकं, सगळं करून गेले. समोर शंभर बाटल्या ठेवल्या, त्यात किती बिघडवलेल्या ते सांगत नाहीत. पहिल्या साठ नीट गेल्या. मग पाणी यायला लागलं. बाटली फिरवायची की डोळे टिपायचे? वेळ तर मोजलेला. टिपताना बोट लागलं आणि खाज अशी उठली की मी दात आवळले. मला वाटलं, सगळ्या पकडल्या. एक सुटली होती. काचेचा कण, काळ्यावर दिसणारा, नव्या मुलींनाही दिसतो तसला. सुपरवायझरबाईनं दिवा धरून माझ्या पापण्या बघितल्या, काहीतरी लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"सही कर घार," ती म्हणाली, आणि मग स्वतःच दुसरीकडे बघायला लागली.

त्या दिवशी मला लवकर सोडलं. मी घरी गेले नाही, नवऱ्याच्या दुकानात गेले. का गेले तेही सांगते. मला वाटलं, झाडपालासुद्धा माझ्या पापण्यांना सोसत नाही. माझं टेबल तर गेलंच, आता निदान डोळे तरी वाचवू. धाकट्या मालकाच्या हातापाया पडू, म्हणू, माणूस बावीस वर्षं तुमच्याकडे आहे, त्याला पांढऱ्या केसांनी समोर उभं राहू द्या. नवरा कोणाच्या तरी घरी माप घ्यायला गेला होता. बरंच झालं म्हटलं, त्याच्यासमोर पदर पसरायला नको.

धाकटा मालक मुलगाच आहे, तिशीतला. त्यानं मला स्टूल दिलं, पाणी दिलं. मी कशीबशी सुरुवात केली. केसांच्या रंगाचं नाव काढताच तो म्हणाला, "काकू, बरं झालं तुम्हीच विषय काढलात. तुम्ही तरी सांगा ना काकांना."

"काय सांगू?"

"रंग सोडा म्हणून. दोन वर्षं मी मागे लागलोय त्यांच्या. कोट स्वतः घालून दाखवतात, कॉलरला आतून काळे डाग पडतात. आणि पांढऱ्या केसांच्या माणसानं माप घेतलं की गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो. बाबांच्या वेळची माणसं आहेत आमच्याकडे, हे दिसलं पाहिजे की नाही?"

"तुम्ही त्यांना गोदामात..."

"गोदामात? काकांना?" तो हसला. "मग माप कोण घेणार? मी?"

मी पाणी पिऊन टाकलं आणि उठले. तो जिन्यापर्यंत सोडायला आला, चांगल्या घरचा मुलगा आहे.

घरी आल्यावर मी न्हाणीघरातली बरणी काढली. मग त्याचं कपाट उघडलं. बुटांच्या खोक्यात, जुन्या बुटांखाली, नेहमीच्याच रंगाची पाकिटं होती. काही भरलेली, काही रिकामी. रिकामी कात्रीनं सरळ कापून, नीट दुमडून ठेवलेली. मापाचा माणूस, त्याला वाकडं कापलेलं खपत नाही. मी पांढऱ्या कागदावर बरणीतली चिमूटभर पावडर टाकली, शेजारी पाकिटातली. दिव्याखाली धरून बघितली, पाण्याचा थेंब टाकून बघितली. माझं कामच ते. दोन्ही एकच होत्या. रोज दोन हजार बाटल्या बघणाऱ्या बाईनं घरातली एक बरणी बघितली नव्हती.

केसानं गळा कापणं म्हणतात ते मी शाळेत शिकले होते. वाक्यात उपयोग करा असंही बाईंनी सांगितलं होतं.

नवरा आला तेव्हा कागद टेबलावर तसाच होता. त्यानं गळ्यातली टेप काढून गुंडाळली, बराच वेळ गुंडाळली.

"मी दुकानात गेले होते," मी म्हणाले.

"कशाला?"

"तुमच्यासाठी पदर पसरायला."

तो खुर्चीवर बसला. मला वाटलं होतं आरडाओरडा करेल, पण त्याचा आवाज अगदी बारीक होता. "तुला नाही कळायचं. रंग उतरला की आरशात बाबा दिसतात. शेवटच्या वर्षातले. अंथरुणातले. मला नाही बघवत."

खरं बोलत होता. मला कळलंही. त्याच्या वडिलांचं शेवटच्या वर्षात सगळं मीच केलं होतं, त्यांच्या पाठीच्या जखमा मी धुतल्या होत्या. क्षणभर मला त्याची कीव आली, आणि तो तिथंच थांबला असता तर कदाचित हे लिहावंही लागलं नसतं.

"आणि तसं काही मोठं नव्हतं ना," तो म्हणाला. "डॉक्टरच म्हणाली, जिवाला धोका नाही. नुसती खाज तर होती."

"आज माझं टेबल गेलं," मी म्हणाले.

"पगार तेवढाच राहतो ना?"

पगार तेवढाच राहतो. मी तसं सांगितलं आणि तो सुटल्यासारखा मागे टेकला.

मी माझं अंथरूण मुलीच्या रिकाम्या खोलीत नेलं. तिचं लग्न होऊन ती दूर गेली त्याला चार वर्षं झाली. भांडले नाही. भांडण करायला समोरच्याला काहीतरी चुकलंय असं वाटावं लागतं. डोळे तीन आठवड्यांत साफ झाले. लाली गेली, पापुद्रे गेले, वयाच्या चार बारीक सुरकुत्या आहेत त्या तेवढ्या राहिल्या. डॉक्टर खूश झाली, म्हणाली, बघा, मी सांगत नव्हते का. मी मान हलवली. आता मी दिवसभर खोक्यांवर चिकटपट्टी मारते. तिथं घारीचे डोळे लागत नाहीत, मांजराचेही चालतील. माझ्या टेबलावर एक नवी मुलगी बसते. बरी आहे, पण बाटली जोरात हलवते, बुडबुडे येतात आणि मग तिला बुडबुडा आणि कण ह्यातला फरक कळत नाही. मला काचेतून दिसतं. सांगायला जावंसं वाटतं, पण त्या दारातून आत जायला आता मला परवानगी नाही.

नवऱ्यानं रंग सोडला. पश्चात्तापानं की पकडला गेला म्हणून, देव जाणे. दोन महिन्यांत डोकं पांढरंशुभ्र झालं आणि वाईट हे की त्याला ते शोभलं. धाकट्या मालकानं कौतुक केलं, गिऱ्हाइकं मान देऊन बोलायला लागली. आता तो येता-जाता आरशात बघतो. बाबा दिसतात का, ते मी विचारलं नाही.

मुलीचा रविवारी फोन येतो, चेहरा दिसणारा. तिनं पडद्यावर बापाला बघितलं आणि म्हणाली, "बाबा, हे काय, किती छान दिसताय."

"तुझ्या आईच्या डोळ्यांसाठी," तो म्हणाला. "तिला त्रास व्हायचा ना रंगाचा. म्हटलं, बायकोपेक्षा केस मोठे आहेत का?"

असं म्हणताना त्याचा चेहरा स्वच्छ होता. बहुतेक त्याला तोपर्यंत ते खरं वाटायला लागलं होतं.

"आई, नशीबवान आहेस बाई," मुलगी म्हणाली. "इकडे मी सांगते तर आमचे हे साधा टॉवेल वाळत घालत नाहीत."

नवरा चहा ठेवायला उठला आणि मी फोन घेऊन खोलीत गेले. दार लावून मुलीला सगळं सांगितलं. बरणी, पाकिटं, दुकान, टेबल. ती ऐकत होती. पडद्यावर तिच्या भुवया हळूहळू जवळ आल्या, मला वाटलं आता ती रडेल किंवा चिडेल.

"पण आई," ती म्हणाली, "शेवटी सोडला ना त्यांनी? मग एवढ्याशा गोष्टीसाठी वेगळ्या खोलीत झोपतेस? लोक काय-काय सहन करतात."

मी म्हटलं, हो, करतात. आणि तिच्या नोकरीचं विचारलं.

त्या संध्याकाळी तो खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. "आता तर काही नाही केसांत," म्हणाला. "चेपून देत जा ना पहिल्यासारखं. डोकं फार जड होतं गं." लहान तोंड करून बोलत होता. सव्वीस वर्षांची सवय त्याचीच होती असं नाही, माझ्या हातांचीही होती, आणि ते मांडीवर पडून होते, काही काम नसल्यासारखे.

मग मी त्याला मनातलं बोलले. "टेबल गेल्याचं मला दुःख आहे, पण ते एकवेळ सोसेन. तुम्ही मला एकदा सांगायचं होतं, रंग सोडवत नाही, भीती वाटते. मी हातमोजे घालून चेपलं असतं. कंपनीत आठ तास घालते, घरी वीस मिनिटं आणखी. तुमचे केसही राहिले असते आणि माझे डोळेही."

तो विचारात पडला. खरंच पडला, कपाळावर आठ्या घालून. मी वाट बघितली. त्या क्षणी त्यानं नुसतं खाली बघितलं असतं तरी मी त्याला बस म्हणाले असते.

"मग हे तू तेव्हाच का नाही सांगितलंस?" तो म्हणाला. "उगाच एवढं सगळं झालं."

मी त्याला जाताना दार लावून घ्यायला सांगितलं. त्यानं ते बाहेरून ओढून घेतलं.